ग्रंथालय समितीला खुलं पत्र: अंक कपाटात आहेत, पण आमच्यापर्यंत पोचत नाहीत

मा. कुलगुरू, ज्ञानस्रोत केंद्राचे (म्हणजे विद्यापीठ ग्रंथालयाचे) संचालक आणि ग्रंथालय समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी मराठी विषयात पीएचडी करतेय, विषय आहे 1930 ते 1950 च्या काळातली मराठी मासिकं, त्यातली बायकांची पत्रं आणि बायकांसाठी छापलेल्या जाहिराती. विद्यापीठाचं नाव मुद्दाम घालत नाहीये. एक तर कुणा एका माणसावर बोट ठेवायचं नाहीये, आणि दुसरं म्हणजे राज्यातल्या वेगवेगळ्या विद्यापीठांत पीएचडी करणाऱ्या मित्रमैत्रिणींशी या विषयावर बोलायला लागलो की सगळ्यांचं गाऱ्हाणं जवळपास सारखंच निघतं. त्यामुळे हे पत्र ज्यांना आपलं वाटेल त्या सगळ्या समित्यांना आहे असं समजा. अर्ज करून झालेत, अर्जाची पोच पण मिळते, पुढे काही होत नाही, म्हणून आता उघड लिहितेय.

म्हणणं एकच आहे. आपल्या ग्रंथालयात वाचायला खूप आहे, विकत घेतलेलंही आहे आणि जुनं जपून ठेवलेलंही आहे, पण संशोधक विद्यार्थी तिथपर्यंत पोचावा याकडे कुणाचं लक्ष नाही. समितीच्या बैठकीत चर्चा होते ती खरेदीची, बजेटची, नॅकसाठी, म्हणजे विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेसाठी, लागणाऱ्या आकड्यांची. घेतलेलं, ठेवलेलं साहित्य शेवटी कुणी वाचलं का, आणि ज्याला हवं होतं त्याला ते का मिळालं नाही, हे विचारणारं कुणी नाही.

खरेदीची बाजू तर आता पूर्वीइतकी लंगडी राहिलेलीच नाही. 25 नोव्हेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारने एकत्र वर्गणी भरून संशोधन जर्नल्स खुली करण्याची योजना, मंजूर केली, 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नल्स, आणि केंद्र आणि राज्य सरकारांच्या 6,300 हून जास्त संस्थांना त्याचा फायदा. आधी ई-शोधसिंधू या ई-जर्नल्सच्या सरकारी योजनेतून जे मिळायचं त्याच्या कितीतरी पुढची ही गोष्ट आहे. ज्या जर्नलमधल्या एका लेखासाठी आम्ही परदेशातल्या ओळखीच्यांना मेल करायचो, लेखकालाच लिहून 'कृपया पीडीएफ पाठवाल का' असं विचारायचो, ते आता कायदेशीरपणे आपल्या विद्यापीठाला उपलब्ध आहे. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण हे सगळं उघडतं कुठे, तर कॅम्पसच्या वायफायवर. घरून लॉगिन करायचं म्हटलं की प्रश्न सुरू. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेची इन्फेड नावाची सोय आहे, तिच्यातून विद्यापीठाने दिलेल्या आयडीवर कुठूनही जर्नल उघडता येतं, पण त्यासाठी विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांचे आयडी तयार करून ते वेळेवर चालू ठेवावे लागतात. आमच्याकडे आयडी मागितल्याशिवाय मिळत नाही, मिळाला तर वर्ष बदललं की बंद पडतो, आणि तो पुन्हा चालू कोण करणार याचं उत्तर ग्रंथालयात विचारलं तर संगणक विभाग आणि संगणक विभागात विचारलं तर पीएचडी सेक्शन. या तीन खिडक्यांपैकी कुणाचीही दानत वाईट नाहीये, पण हे काम नक्की कुणाचं हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे ते कुणीच करत नाही.

आता जरा आमच्याकडे बघा. पीएचडीचा विद्यार्थी म्हटलं की डोळ्यासमोर हॉस्टेलवर राहणारा, दिवसभर वाचनकक्षात बसणारा मुलगा येत असेल तर तो आता अपवाद आहे. आमच्यातले कितीतरी जण तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, सकाळची लेक्चर्स आटपून एसटी पकडतात आणि विद्यापीठात पोचेपर्यंत दुपार होते. काहीजण बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर आहेत, फेलोशिप रखडली की तेही कुठेतरी काम धरतात. मुली आहेत ज्यांना लग्न झाल्यावर दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलंय. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनीच पार्ट टाइम पीएचडीला मान्यता दिलीय, बायकांना आणि दिव्यांगांना दोन वर्षांची जास्तीची मुदत दिलीय, म्हणजे असे विद्यार्थी असणार हे वर सगळ्यांना माहिती आहे. फक्त ग्रंथालयाच्या वेळापत्रकाला ते माहिती नाही. संदर्भ विभाग साडेपाचला बंद, रविवारी बंद, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद, आणि दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा कॉलेजात शिकवणाऱ्याला खरंच वेळ असतो, तेव्हा तर सगळंच बंद. वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत उघडा असतो हे खरं, पण तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन बसतात. त्यांनी बसावं, त्यांनाही जागा हवीच, पण तो टेबल-खुर्ची-पंख्याचा कक्ष आहे, तिथे ग्रंथालयातलं काहीच हातात मिळत नाही.

जर्नल्सचं एक वेळ सुटेल, ते शेवटी तांत्रिक काम आहे, मनावर घेतलं तर महिन्याभरात होईल. माझा जीव अडकलाय तो जुन्या मराठी मासिकांत, आणि ती मासिकं कुठल्याही आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पॅकेजमध्ये येणार नाहीत.

1930 साली किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक सुरू झालं. त्याच्या आधी 1927 पासून र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' काढत होते, ते 1953 मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चाललं. मराठी बाई काय वाचत होती, कशाबद्दल प्रश्न विचारत होती, कुठलं तेल-साबण-टॉनिक तिला विकलं जात होतं, शिवणयंत्राच्या जाहिरातीत ती कशी दाखवली जात होती, हे समजून घ्यायला हे अंक म्हणजे सोनं आहे. लेखांचे संग्रह पुस्तकरूपाने निघतात, पण वाचकांची पत्रं आणि जाहिराती फक्त मूळ अंकातच असतात. मूळ अंक आपल्या ग्रंथालयाच्या तळघरात आहेत, मी स्वतः हातात घेतलेत.

ते सापडले कसे हे समितीने जरूर ऐकावं. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीवर, देवनागरीत मासिकाचं नाव टाकलं की निकाल शून्य. कारण जुन्या नोंदी रोमन लिपीत टाईप केल्यात, त्यातही प्रत्येकाने आपापल्या स्पेलिंगने, कुणी एक ई लावलाय, कुणी दोन, कुणी शेवटी आय. जुन्या सॉफ्टवेअरमधून कोहा या ग्रंथालयाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा आणला तेव्हा तो आहे तसाच ओतला गेला. कोहाला देवनागरी व्यवस्थित कळतं, अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, कुणीतरी बसून त्या नोंदी दुरुस्त करायला हव्या होत्या ते झालं नाही. आणि ज्या नोंदी आहेत त्यातही फक्त मासिकाचं नाव आणि एक आकडा, कुठल्या वर्षाचे कुठले अंक आहेत, कुठले गहाळ आहेत, काही नाही. जुन्या कार्ड कॅटलॉगमध्ये हे सगळं हाताने लिहिलेलं होतं, अंक क्रमांकासकट. ती लाकडी कपाटं आता जिन्याखाली आहेत आणि त्यांचे ड्रॉवर उघडायचे तर परवानगी लागते.

मला अंक मिळाले ते तिथल्या एका काकांमुळे. ते अटेंडंट म्हणून लागले होते, आता निवृत्तीला आलेत. मी विषय सांगितल्यावर त्यांनी ओपॅककडे बघितलंसुद्धा नाही, 'तिकडे मागच्या रांगेत खालच्या खणात असतील, निळ्या कापडाचं बाइंडिंग' असं म्हणाले आणि होतेच. हे ज्ञान फक्त त्यांच्या डोक्यात आहे. ते निवृत्त झाले की ते मासिक आपल्या विद्यापीठात असूनही नसल्यासारखं होणार. त्यांच्या जागेवर कुणी येईल याची खात्री नाही, कारण आधीच्या रिकाम्या जागाच भरलेल्या नाहीत, कंत्राटी मुलं येतात, वर्षभरात जातात, त्यांना स्टॅकची, म्हणजे कपाटांच्या रांगांची, ओळख व्हायच्या आत त्यांची मुदत संपते. समितीला माझी सगळ्यात कळकळीची विनंती ही आहे की या काकांसारखी जी मंडळी अजून कामावर आहेत त्यांच्यासोबत कुणालातरी वहीपेन घेऊन, लॅपटॉप घेऊन बसवा आणि कुठे काय आहे ते लिहून घ्या. यासाठी टेंडर लागत नाही.

आता बाइंडिंगबद्दल, कारण हे बाहेरून कुणाच्या लक्षात येणार नाही. वर्षाचे बारा अंक एकत्र बांधताना बाइंडरने मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली आहेत. पूर्वी सर्रास तसंच करायचे, खंड बारीक होतो, आणि जाहिराती म्हणजे कचरा अशीच तेव्हाची समजूत होती. म्हणजे एका वर्षाच्या खंडात लेख सलग आहेत आणि मला हवी असलेली पानं गायब, पुढच्या वर्षाच्या खंडात मात्र बाइंडर बदलला असावा, तिथे पिवळी, निळी, गुलाबी जाहिरातीची पानं जशीच्या तशी आहेत, एका पानावर तर कुणीतरी पेन्सिलने टॉनिकच्या किमतीवर खूण केलीय. तो खंड बघितल्यावर मला माझा एक अख्खा चॅप्टर दिसायला लागला. पण आधीच्या वर्षाची पानं कुठे मिळणार? कदाचित दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, कदाचित ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, पुणे मराठी ग्रंथालयात, किंवा कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात, जे 1850 पासून चालू आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, रत्नागिरीचं 1828 चं, पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 चं. इतकी जुनी, इतकी समृद्ध ग्रंथालयं आपल्या भागात आहेत आणि कुठल्या मासिकाचा कुठला अंक कुठे आहे, त्यात मुखपृष्ठ आहे की नाही, याची एक सामायिक यादी आपण करू शकलेलो नाही. प्रत्येक संशोधक नव्याने पायपीट करतो, वहीत टिपून ठेवतो, पीएचडी झाली की ती वही घरी माळ्यावर जाते, आणि पुढचा परत पहिल्यापासून सुरू.

ही यादी विद्यापीठाने करावी. मराठी विभाग, इतिहास विभाग आणि ग्रंथालयशास्त्र विभाग एकाच कॅम्पसवर आहेत. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना दरवर्षी प्रोजेक्ट करावाच लागतो, एकेका मासिकाची अंकवार नोंद हा एकेकाचा प्रोजेक्ट होऊ शकतो. आम्ही पीएचडीचे विद्यार्थी आमच्या वह्या द्यायला तयार आहोत, मी हे बाकीच्यांना विचारूनच लिहितेय.

आणि फोटो. दुर्मिळ विभागात मोबाईल बाहेर ठेवायला लावतात. झेरॉक्स करायची तर पानं तुटतात म्हणून नाही म्हणतात, ते मला शंभर टक्के मान्य आहे, त्या कागदाचा कोपरा नुसता उलटताना तुटतो, झेरॉक्स मशीनवर तो खंड पालथा घालणं म्हणजे गुन्हा आहे. पण मोबाईलने वरून, फ्लॅश न वापरता फोटो काढला तर कागदाला हात लावायचंही कमी होतं. त्यालाही नाही म्हणतात, कारण विचारलं की कॉपीराइट. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये संशोधनासाठी, खासगी अभ्यासासाठी उचित वापराला मुभा आहे. माझ्या प्रबंधासाठी मी चाळीस पानांचे फोटो घेतले तर त्यात कुणाचा हक्क बुडतो? ज्या संस्थेचं कामच संशोधनाला मदत करणं आहे, तिने कायद्याने दिलेली सूट आपल्याच विद्यार्थ्यांना नाकारू नये. एक साधा फॉर्म करा, त्यावर लिहून घ्या की हे फक्त संशोधनासाठी, कुठे प्रसिद्ध करायचं असेल तर वेगळी परवानगी घेऊ, आम्ही सही करू. आज काय होतं, तर आम्ही हाताने उतरवून घेतो. चाळीस पानं हाताने उतरवणं म्हणजे दिवसच्या दिवस जातात, आणि जाहिरात तर उतरवताही येत नाही, तिचं चित्र, अक्षरांचं वळण, पानावरची जागा, सगळंच महत्त्वाचं असतं.

आता प्रबंधांबद्दल. शोधगंगा, म्हणजे पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, ही आपल्या देशातली फार मोठी गोष्ट आहे. 2009 च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि आज लाखो प्रबंध कुणालाही, कुठलाही पासवर्ड न टाकता वाचता येतात. गावात बसून मला आसाममधला, केरळमधला प्रबंध वाचता येतो. पण मराठीतले प्रबंध उघडून बघा. कितीतरी श्री-लिपी, कृतीदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाईप केलेले आहेत, पीडीएफमधून ओळ कॉपी केली की भलतीच चिन्हं येतात, त्यामुळे आतल्या मजकुरात शोधताच येत नाही. काही नुसते स्कॅन आहेत, वाकडे, अर्धं पान काळं. माझ्याच विषयाच्या जवळचं काम कुणी केलंय का हे मला शोधून सापडत नाही, सापडतं ते कुणीतरी मार्गदर्शकांनी तोंडी सांगितलं तर. निदान यापुढे आपल्या विद्यापीठातून जाणारा प्रत्येक मराठी प्रबंध युनिकोडमध्येच, म्हणजे शोधता येईल अशा देवनागरीत, हवा, शीर्षक आणि सारांश देवनागरीतही हवा, असा नियम करायला काय हरकत आहे? आणि 2009 च्या आधीचे प्रबंध, ते तर आपल्या प्रबंध विभागात कुलूपबंद आहेत. एमफिलचे तर विचारूच नका, 2022 मध्ये एमफिल बंद झालं आणि त्या लघुप्रबंधांचं काय करायचं हे कुणी ठरवलंच नाही. मराठीतलं गावोगावचं किती काम त्यात आहे, तमाशाच्या फडांवर, जत्रांवर, ओव्यांवर, एकेका तालुक्याच्या बोलीवर, माहिती देणारी ती माणसं आता हयातही नसतील. ते गठ्ठे वाळवीच्या आधी स्कॅनरखाली गेले पाहिजेत.

अजून एक बारीक वाटणारी पण फार त्रासाची गोष्ट. प्रबंध सादर करताना नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, लागतो, म्हणून ग्रंथालयाचं कार्ड जमा करावं लागतं. त्या दिवसापासून सगळं बंद, पुस्तकंही आणि ऑनलाइन लॉगिनही. पण काम तिथे संपत नाही. परीक्षकांचे अहवाल यायला महिने लागतात, त्यात दुरुस्त्या येतात, तोंडी परीक्षा असते, लेख पाठवायचे असतात. नेमकी जेव्हा एखादी तारीख, एखादं पान परत तपासायचं असतं तेव्हा आम्ही विद्यापीठाला परके होतो. पुस्तकं परत घ्या, ते बरोबरच आहे, पण वाचायला यायची परवानगी आणि लॉगिन तोंडी परीक्षा होईपर्यंत, खरं तर त्यानंतरही वर्षभर, चालू ठेवा. तसंच जिल्ह्यातल्या संलग्न कॉलेजच्या संशोधन केंद्रांवर नोंदणी केलेल्यांचं. फी विद्यापीठात भरतात, पदवी विद्यापीठ देणार, आणि ग्रंथालयात आल्यावर त्यांना बाहेरचे वाचक म्हणून रोजचा पास काढायला लावतात. हे ताबडतोब थांबायला हवं.

पैशाचा मुद्दा येणार हे मला कळतं. पण वर जे मागितलंय त्यातलं बहुतेक बिनखर्चाचं किंवा अगदी थोड्या खर्चाचं आहे. लॉगिनची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून देणं, फोटोचा फॉर्म, कार्डाची मुदत, युनिकोडचा नियम, महिन्यातून दोन रविवार संदर्भ विभाग उघडा ठेवणं. बाहेरच्या ग्रंथालयातून पुस्तक मागवायला डेलनेटसारख्या ग्रंथालयांच्या जाळ्याची सोय आहे, आपण तिचे सभासद असू तर ती विद्यार्थ्यांना सांगणं एवढंच बाकी राहतं. ग्रंथालयात काय काय आहे हे कोर्सवर्कमध्ये एकदा नीट दाखवा, एका तासाच्या पीपीटीत नको, प्रत्यक्ष स्टॅकमध्ये नेऊन, ग्रंथपालांना बोलू देऊन. आमच्या ग्रंथपालांना खूप येतं, पण त्यांचा सगळा वेळ अहवाल भरण्यात जातो, संशोधकाशी बोलायला त्यांना मोकळीक तुम्हीच देऊ शकता. खर्चाचं काम एकच, जुन्या मासिकांचं चांगल्या ओव्हरहेड स्कॅनरवर स्कॅनिंग, आणि त्यासाठी राज्य मराठी विकास संस्थेशी बोलता येईल, त्यांनी दुर्मिळ मराठी ग्रंथ ऑनलाइन आणण्याचं काम आधीच केलेलं आहे.

ग्रंथालय समितीवर संशोधक विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी घ्या अशीही मागणी आहे, एक भाषा-समाजशास्त्रांकडून आणि एक विज्ञानाकडून घेतला तर उत्तमच, कारण दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या असतात आणि आत्ता दोघांच्याही कुणी मांडत नाही.

समितीची पुढची बैठक याच सत्रात आहे असं कळलं. हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावं आणि आमच्यापैकी दोघातिघांना बोलायला बोलवावं. येताना आम्ही त्या दोन वर्षांच्या खंडांची, पानं असलेल्या आणि पानं काढलेल्या, अंकवार यादी घेऊन येऊ, ती तयार आहे, आणि काका निवृत्त व्हायच्या आत तळघरातल्या बाकीच्या रांगांची यादी सुरू करायला आमच्यातले बरेचजण सुट्टीत यायला तयार आहेत, फक्त आत जायची लेखी परवानगी द्या.

आपली,
मराठी विभागातली एक संशोधक विद्यार्थिनी